गच्ची सर्वांची, गळती कोणाची?

ज्या सोलापूर नगरीने 1930 च्या मे महिन्यात परकीय सत्तेचा अंमल झुगारून काही दिवस आपला कारभार आपणच चालविला आणि त्याची किंमत म्हणून लष्करी कायद्याचा जाच ताठ मानेने सोसला, त्याच नगरीतील सोळा बिऱ्हाडांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेस जिन्यातील विझलेला दिवा कोणी बदलावा या प्रश्नाचा निकाल सहा-सहा महिने लावता येत नाही, हे पाहून स्वराज्याच्या मर्यादांविषयी नाना विचार मनात येतात. परकीय सत्ता घालविणे त्या मानाने सोपे असावे; तिसऱ्या मजल्यावरील वकीलसाहेबांकडून देखभालीची थकबाकी वसूल करणे हे त्याहून दुर्घट कार्य होय.

कायद्याच्या पुस्तकांत मिळकतीचे प्रकार पुष्कळ सांगितले आहेत. व्यवहारात मात्र तीनच चालतात. पहिली स्वतःची, ती जपावयाची. दुसरी सरकारी, ती वापरावयाची. आणि तिसरी सामायिक, जिच्यावर हक्क सांगताना सर्वांचे सातबारे तयार असतात आणि जिच्यासाठी पैसे मागितले असता सर्वजण संन्यस्त वृत्तीने ऐहिक पाशांपासून अलिप्त होतात. जो गृहस्थ आपल्या दिवाणखान्यात चकचकीत फरशी घालण्यासाठी लाखभर रुपये विनातक्रार मोजतो, तोच उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताच जिन्यातील उखडलेल्या पायरीकडे परराष्ट्राच्या सरहद्दीकडे पाहावे तसे पाहतो आणि ती ओलांडून पुढे जातो.

विजापूर रस्त्याकडील या इमारतीचे, नाव न घेता, थोडे वर्णन करणे अगत्याचे आहे. तिच्या पश्चिमेकडील भिंतीत, सांडपाण्याच्या नळाच्या सांध्याशी, एक पिंपळ उगवलेला असून प्रारंभी तो दोन पानांचा असताना त्याला उपटण्याची सूचना एका सभासदाने केली होती. परंतु पिंपळास हात लावण्याचे पातक संस्थेच्या नावे जमा करावे की ते सभासदांत क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटावे, याविषयी एकमत न झाल्याने तो ठराव बारगळला. आता त्या वृक्षाची मुळे दुसऱ्या मजल्याच्या न्हाणीघरापर्यंत पोचली आहेत. गच्चीवर उन्हाळ्यात पापड, शेवया आणि मिरच्या यांना जागा कमी पडते, म्हणजे तिची मालकी सर्वांना पूर्णपणे मान्य आहे. पावसाळ्यात मात्र तीच गच्ची एकट्या वरच्या मजल्याची होऊन राहते, कारण गळते ती त्यांच्याच छताला. तळघरातील हौदाची गोष्ट याहून गंभीर आहे. उजनीच्या धरणाकाठी वसलेल्या जिल्ह्याच्या या मुख्य शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे हौद हे प्रत्येक इमारतीचे प्राणस्थान झाले आहे. आणि या प्राणस्थानाचे लोखंडी झाकण गंजून मोडल्यापासून त्यावर एक प्लायवुडची फळी ठेवली असून, मुलांनी तिच्यावर उभे राहू नये असा फलक सचिवांनी स्वहस्ते लिहून लावला आहे. फलकाचा खर्च संस्थेने मंजूर केला. झाकणाचा प्रस्ताव विचाराधीन आहे.

यात कायद्याचा दोष आहे असे कोणी म्हणू नये. 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमाखालील आदर्श उपविधींमध्ये या सर्वांची तजवीज आधीच करून ठेवलेली आहे. जमिनीची किंमत वगळून बांधकामाचा जो खर्च असेल त्याच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी दुरुस्ती निधीस आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडास द्यावा. इमारतीचे वय 15 ते 30 वर्षे असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांवर गेले असेल तर तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावे. गच्चीच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हावी. आणि इमारतीचा आगीपासून व भूकंपापासून विमा उतरवावा, असे सर्व काही तेथे नमूद आहे. सदनिकेमागे बांधकामाचा खर्च 12 लाख रुपये धरला, तर दोन्ही निधी मिळून वर्षाचे 12 हजार, म्हणजे महिन्याला 1000 रुपये होतात. आमच्या संस्थेत महिना 300 रुपये घेतले जातात आणि तेही अन्यायकारक आहेत असा तळमजल्यावरील दुकानदार सभासदांचा लेखी अभिप्राय आहे. कारण ते जिना वापरत नाहीत, लिफ्टमध्ये बसत नाहीत आणि गच्ची त्यांनी अद्याप पाहिलेली नाही. आपल्या डोक्यावर जे चार मजले उभे आहेत ते ज्या खांबांवर उभे आहेत, ते खांब त्यांच्याच दुकानातून वर गेले आहेत, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आणून देण्याचे धैर्य खजिनदारांना होत नाही.

गेल्या वार्षिक सभेत विम्याचा विषय निघाला. गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब झालेली सभा तेथेच पुन्हा भरली तेव्हा उपस्थित सात जणांपैकी चौघे चहाच्या आशेने थांबलेले होते. एका निवृत्त सभासदाने हप्ता भरून काहीच झाले नाही तर पैसे परत मिळतात काय, असे विचारले. ते मिळत नाहीत असे कळताच, मग त्यापेक्षा काही होऊ नये म्हणून सत्यनारायण घालणे स्वस्त पडेल, अशी उपसूचना त्यांनी मांडली व ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. दुसऱ्याने याहून सूक्ष्म मुद्दा काढला. विमा उतरविला म्हणजे दुरुस्तीचा प्रश्नच मिटला. इमारत पडू द्यावी आणि कंपनीकडून नवी बांधून घ्यावी, यात गैर ते काय?

या मुद्द्याचे उत्तर विमापत्राच्या बारीक अक्षरांत असते आणि बारीक अक्षरे वाचण्याचा प्रघात आमच्याकडे नाही. आग, वीज, पूर, भूकंप अशा अकस्मात कोसळणाऱ्या आपत्तीची भरपाई विमा कंपनी देते. वर्षानुवर्षे मुरणाऱ्या पाण्याची, झिजेची आणि आळसाची देत नाही. स्लॅबमध्ये पाणी मुरते, आतल्या सळ्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, काँक्रीट आतून फुटते आणि एके दिवशी सज्जाचा तुकडा खाली येतो. या क्रियेस दहा-पंधरा वर्षे लागतात व तेवढ्या अवधीत कित्येक वार्षिक सभा भरतात, तेव्हा हिला आकस्मिक अपघात ठरविणे हे कोणत्याही सर्वेक्षकास अशक्य असते. शिवाय आपल्या इमारतीचा विमा वेगळा आणि तिचा तुकडा परक्याच्या डोक्यात पडल्यास त्याला द्यावयाच्या भरपाईचा विमा वेगळा, हेही बहुतेकांच्या गावी नसते. लिफ्टपुरती तरी राज्याच्या 2017 च्या कायद्याने ही त्रयस्थांची काळजी सक्तीची केली आहे. आमच्या संस्थेने त्यावर लिफ्ट बंद ठेवण्याचा बिनखर्चाचा तोडगा काढला.

आता जबाबदारीविषयी. दिल्लीच्या चांदनी चौकातील जुने घंटाघर कोसळून खालून जाणारी माणसे मेली, तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1966 साली त्याचा निकाल लागला. मनोरा सुमारे 80 वर्षांचा होता आणि त्यातील चुन्याचे आयुष्य तज्ज्ञांच्या मते 40-45 वर्षांचे; अशा वेळी दोष दिसत नव्हता ही सबब मालकाला सांगता येणार नाही, रस्त्यालगतची वास्तू सुस्थितीत ठेवणे हे त्याचेच कर्तव्य, आणि ती पडली हीच त्याच्या हयगयीची साक्ष, असा त्याचा मथितार्थ आहे. तेथे मालक नगरपालिका होती. आमच्या इमारतीस मालक सोळा आहेत आणि कार्यकारी समितीच्या सदस्यांवर तर समितीच्या निर्णयांची जबाबदारी संयुक्तपणे व व्यक्तिशः येते. सज्जा कोणाच्या डोक्यात पडला तर त्या दिवशी गच्ची कोणाची, हा वाद न्यायालय एका बैठकीत मिटवील, आणि तो समितीच्या बाजूने मिटणार नाही.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा बजावते. शेजारच्या एका वाड्यावर चिकटविलेली नोटीस पहिल्याच सरीत गिलाव्यासकट खाली आली. वाड्यातील बिऱ्हाडकरूंनी ती न मिळाल्याचे कळविले.

सहकारी संस्थेची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी असे कायदा सांगतो. 1993 साली याच तारखेच्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच निजले असता, येथून शंभर किलोमीटरच्या आत किल्लारीची भूमी हादरली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली व धाब्यांखाली हजारो माणसे गाडली गेली. सोलापुरातही त्या रात्री लोक घराबाहेर धावले आणि पुढे कित्येक रात्री अंगणात निजले. ती भीती ज्यांनी अनुभवली तेच आज संस्थांचे अध्यक्ष आणि सचिव आहेत, आणि भूकंपाच्या विम्याचा विषय निघाला की तेच प्रथम घड्याळाकडे पाहतात.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती आहे की, यंदाच्या सभेला जावे, चहा येण्यापूर्वी उभे राहावे आणि तीन कागद मागावेत: ऑडिटचा शेवटचा अहवाल, विम्याची चालू पावती आणि दोन्ही निधींचा बँकेतील शिल्लकेसह हिशेब. तीनपैकी एकही कागद दप्तरी नसेल, तर आपण ज्या छताखाली बसलो आहोत त्याची जोखीम आपणच, विनाहप्ता, उचलली आहे असे समजावे.