तिसऱ्या पाळीचा कच्चा माल

सोलापूर-पुणे महामार्गालगतच्या चिंचोळी एमआयडीसीत तिसऱ्या पाळीचा कामगार रात्रभत्ता मागू शकतो. लेअर, म्हणजे केवळ अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, मागू शकत नाही, वस्तुतः तिच्या कवचग्रंथीत टरफल चढवण्याचे सुमारे वीस तासांचे काम बव्हंशी रात्रीच चालते. एका टरफलाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि रात्री पोटातला साठा संपला की ते हाडांतून काढले जाते, ज्यास वसाहतीच्या परिभाषेत भविष्य निर्वाह निधीतून उचल म्हणता येईल. उचल फिटली नाही की टरफल पातळ होते आणि पुढे पायही लुळे पडतात.

यावरील उपाय लाजिरवाणा स्वस्त आहे: शिंपल्याची किंवा चुनखडीची जाड कणी दुपारनंतर द्यावी, कारण भुकटीपेक्षा ती सावकाश विरघळून रात्रभर पुरते, आणि कॅल्शियम शोषले जावे म्हणून ड-३ जीवनसत्त्वही पुरेसे असावे. सोलापुरी उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून टरफलाचा कार्बोनेटही अपुरा पडतो, तेव्हा औषधाआधी सावली आणि गार पाणी हवे. परंतु सावलीचे बिल फाडता येत नसल्यामुळे तिला उपचार म्हणण्यास व्यवहारी मन धजावत नाही. म्हणून कॅल्शियमचे टॉनिक येते आणि त्याच्या सोबतीला, रोग ठाऊक नसतानाही, प्रतिजैविक येते. ते टेट्रासायक्लिन असल्यास पोटातले कॅल्शियम त्याला बांधून ठेवते आणि एका पुडीचा खर्च दुसरीला निष्प्रभ करण्यात सार्थकी लागतो.

कॅल्शियम दिलेल्या कोंबडीचे अंडे खाण्यास हरकत नाही. प्रतिजैविकाचे तसे नाही, कारण बलक सुमारे दहा दिवस वाढत असतो आणि औषध थांबल्यावरही त्याचे अंश अंड्यात उतरत राहतात. म्हणूनच औषधागणिक विरामकाल, म्हणजे अंडी विक्रीस न काढण्याची मुदत, पाळायची असते, आणि कोलिस्टिनसारखे औषध तर २०१९ पासून देशात खाद्यप्राण्यांसाठी निषिद्धच आहे. कोंबडी मात्र विरामकालातही रजा घेत नाही, आणि त्या अंड्यांचा तोटा सोसण्यास मालक सहसा राजी नसतो.

तडकलेल्या टरफलातून साल्मोनेलासारखे जंतू आत शिरतात, तरी असे अंडे ट्रेमधून वगळले जाऊन स्वस्तात भुर्जीच्या गाडीवर पोहोचते. तेथे ते, पूर्ण शिजले असल्यास सुदैवाने, तो कामगार खातो, ज्याच्या औषध कारखान्यात प्रयोगशाळेच्या सहीवाचून एकही बॅच दाराबाहेर जात नाही.