आसगावकरांनी आर्ट फेअर कसं पाहावं

दिवाळी झाली की आपल्याकडे मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसभर पाव्हणे, रात्री दंडार नाहीतर नाटक. नेमक्या त्याच दिवसांत मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'आर्ट मुंबई' भरतं. पहिल्यांदा भरलं 2023 च्या नोव्हेंबरात. तीही मंडईच, फक्त मंडप पांढरा, भोंगा नाही आणि जिलेबी नाही. एवढं डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते. उरलेल्या निम्म्या भीतीसाठी या सूचना.

भंडारा रोडला विदर्भ एक्सप्रेस धरा. सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही, दादरला उतरा. तिथून चर्चगेटकडची स्लो लोकल : प्रभादेवी, लोअर परळ आणि तिसरं स्टेशन महालक्ष्मी. बाहेर पुलावर आलात की खाली दगडी टाक्यांच्या रांगा आणि दोऱ्यांवर शेकड्याने वाळत घातलेले पांढरे, निळे, हिरवे कपडे दिसतील. हा धोबीघाट आहे, प्रदर्शन अजून पुढे आहे. तरी कठड्याशी फोटो काढणारे परदेशी पाहुणे असतील तर त्यांच्यात घटकाभर उभे राहा. दिवसभरातलं सगळ्यात भव्य मांडणीशिल्प इथे फुकटात पाहून होतं.

तिकीट ऑनलाइन, आधीच काढून ठेवा. सुरुवातीचा वेळ आमंत्रितांसाठी राखलेला असतो. त्या वेळी जाऊन फाटकावर आपण सरपंचाचे साळे असल्याचं सांगून उपयोग नाही.

कपड्यांना इस्त्री करू नका. तिथला सगळ्यात पैसेवाला माणूस सगळ्यात चुरगळलेला कुर्ता घालून फिरत असतो. आंधळगावचा कोसा घरात असेल तर उपरणं खांद्यावर टाका, त्याला तिथे फार मान आहे. चपला मात्र दणकट घाला. चालणं बांधावरच्यापेक्षा कमी नाही.

आत शिरल्यावर पहिला धक्का बसतो तो शांततेचा. प्रत्येक गॅलरीचं आपलं दालन, दालनात पांढऱ्या भिंती आणि कोपऱ्यात लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेली एक मुलगी. मंडईत दुकानदार हाताला धरून ओढतो, इथे कोणी मान वर करत नाही. मनाला लावून घेऊ नका. तिला तुमच्या चपला दिसलेल्या नाहीत, तिच्या फोनवर सिंगापूरचं गिऱ्हाईक आहे.

आता खरी परीक्षा. स्टीलच्या बादल्या, डबे, चिमटे यांचा ढीग समोर आला तर भांड्यांचं दुकान समजून आत शिरू नका. बिहारातल्या खगौलचे सुबोध गुप्ता याच वस्तूंच्या जोरावर जगभर गेले. आपला जिल्हा पितळी भांड्यांचा, भांडं वाजवून घ्यायची आपली सवय. तो हात खिशात ठेवा. याच गुप्तांनी 1997 साली शेणाच्या गोवऱ्या रचून माणूस आत जाईल एवढी गोल खोली उभी केली होती. आपल्याकडे गोवऱ्या रचणारणीला कोणी कलावंत म्हटलं नाही, ही गोष्ट तिथे मोठ्याने बोलायला हरकत नाही. ऐकणारे खूश होतात, काही जण लिहूनही घेतात.

बारदान्याचंही तेच. आपल्याकडे ऐन नोव्हेंबरात धान घेऊन केंद्रावर जावं तर कधी बारदाना नाही म्हणून काटा बंद असतो. घानाच्या इब्राहिम महामा यांनी जुने बारदाने एकमेकांना शिवून 2017 साली जर्मनीत कासेल शहरातल्या दोन इमारती वरपासून खालपर्यंत झाकल्या. असं काही दिसलं तर आधी शिलाई बघा. सुतळी कोणती, टाका कसा, फाटक्या जागी ठिगळ की रफू, यावर तुमच्याइतकं कळणारा माणूस त्या मंडपात दुसरा नसेल.

म्हणून 'याचा अर्थ काय?' असं विचारू नका. विचारलंत तर स्मृती, अवकाश आणि प्रक्रिया हे तीन शब्द अदलून-बदलून ऐकावे लागतील. कशाचं केलं, किती दिवस लागले, ट्रकमधून आणलं कसं, पावसात टिकेल का, हे विचारा. तेव्हा लॅपटॉपवरची मान वर होते आणि माणूस माणसासारखा बोलायला लागतो.

सोबतचा भाऊ मोठ्याने म्हणेल, "काहून गा, हे विकाले ठेवलं हाये का?" होय, सगळं विकाले ठेवलं हाये. किंमत बहुतेक ठिकाणी लिहिलेली नसते, विचारावी लागते. चित्राशेजारी लाल टिकली दिसली की माल गेला समजा. रझांच्या चित्रापुढे जरा गडबड होते, कारण त्यांच्या चित्रातच भलामोठा बिंदू असतो. विक्रीची टिकली ती बाहेरची, बारकी. हे रझा मंडला जिल्ह्यातले, चित्रकला शिकायला आधी नागपूरला आले, मग मुंबई, मग पॅरिस. गायतोंडे तर जन्माने नागपूरचे, 1924 चे. त्यांचं एक चित्र 2025 मध्ये लिलावात 67 कोटींवर गेलं. आकडा ऐकून 'हे तर आमचा पोरगाही काढते' असं तोंडावर येईल. पहिला तासभर हे वाक्य बंद. गायतोंडे रोलरने रंग चढवायचे, पातीने खरवडायचे, वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं हातावेगळी करायचे. आपला पोरगा शाळेच्या वहीचं एक पान भरायला तरी एवढा वेळ घेतो का ते बघा, मग बोला.

केळ्याची गोष्ट कोणीतरी काढणारच. मॉरिझिओ कॅटेलान यांनी 2019 साली मायामीच्या आर्ट फेअरमध्ये भिंतीला टेपने केळं चिकटवलं. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते 62 लाख डॉलरला गेलं आणि घेणाऱ्याने खाऊन टाकलं. लिलावाचं केळं रस्त्यावरच्या गाड्यावरून 35 सेंटला आणलेलं होतं. विकलं गेलं ते प्रमाणपत्र. केळं सडलं की नवं लावायचं. सातबाऱ्याचे खेटे घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

बँकांची, बिल्डरांची नावं जागोजागी दिसतील, त्यावर नाक मुरडू नका. शेजारच्या पवनीत 1969-70 ला उत्खनन झालं, त्यात सापडलेल्या स्तूपाच्या दगडांवरही दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत.

एक फायद्याची गोष्ट. कुठून आलात असं कोणी विचारलं तर नुसतं "आसगाव" म्हणा. जिल्हा सांगू नका. त्या लोकांना गोव्यातलं आसगाव ठाऊक असतं, बार्देशातलं, जिथे श्रीमंतांचे बंगले आहेत. लगेच आवाज बदलतो. "तुमचं घर आहे तिथे?" खरं तेच सांगा : जुनं आहे, कवेलूचं. मागे स्वतःची बोडी आहे, पाणी भरलं की शिंगाडे होतात. एवढ्यावर तुमच्या हातात पांढऱ्या वाइनचा पेला येईल. नको असेल तर नुसता धरून फिरा, बरेच जण तेच करत असतात.

पाय दुखले, डोकं भरलं की बाहेर पडा. दुसरा दिवस हाताशी असेल तर काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत जा. ती 1952 पासून आहे आणि तिथे तिकीट नाही. चित्रकार बहुधा स्वतःच आपल्या चित्रांपाशी खुर्ची टाकून बसलेला असतो आणि सकाळपासून त्याच्याशी कोणी धड बोललेलं नसतं. त्याला पूर्ण पत्ता सांगा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. तो निघाला विदर्भातला तर चहा तोच पाजील. नाही निघाला तर तुम्ही पाजा.