चार तारे आणि चारचा अंधार

डिसेंबरात बर्लिनला निघालेल्या मराठी कुटुंबाचे प्रश्न ठरलेले असतात. हॉटेल किती स्टार? नाश्ता धरून आहे ना? याहून स्वस्त कुठे मिळेल? तिथे सूर्य किती वाजता मावळतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

चारच्या आत मावळतो.

२१ डिसेंबरला बर्लिनमध्ये सव्वाआठच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी चारला काही मिनिटं असतानाच दिवस संपतो. साडेसात तासांहून जरा जास्त उजेड, तोही बहुतेक वेळा ढगांआडचा. त्याच दिवशी मुंबईत अकरा तासांचा दिवस असतो. म्हणजे तुमच्या सहलीचा निम्मा वेळ अंधारात जाणार आहे आणि खोली मात्र तुम्ही उन्हाळ्याच्या हिशेबाने शोधताय.

‘खोलीवर काय, नुसतं झोपायला तर जायचं!’ हे वाक्य जूनमध्ये चालतं. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा खुशाल कुठेही उतरा. हिवाळ्यात दुपारी परत यावंच लागतं. ओले मोजे बदलायचे असतात, पाय शेकायचे असतात, सासूबाईंची गोळी खोलीवर राहिलेली असते. खोली पाऊण तासावर असेल तर कोणी परतत नाही. मग सगळं कुटुंब कॅफेत तासन्‌तास बसतं. भाड्यात वाचवलेले युरो तिथे एकेका कपातून निघून जातात.

आता ‘सेंटरपासून तीन किलोमीटर’. हॉटेलच्या माहितीत ही ओळ हमखास असते आणि आपण हमखास तिला भुलतो. पण कुठलं सेंटर?

१९६१ ते १९८९ या शहराच्या मधून भिंत गेली होती. पश्चिमेने आपला गजबजाट झू स्टेशन आणि कुडाम रस्त्याभोवती वसवला, पूर्वेने अलेक्झांडरप्लाट्झभोवती. भिंत पडली, पण दोन्ही चौक आपापल्या जागी गर्दी खेचतच राहिले. एका चौकापासून तीन किलोमीटर म्हणजे दुसऱ्यापासून किती, हे ती ओळ सांगत नाही.

दुसरा भ्रम मुख्य स्टेशनाचा. स्टेशनजवळ राहिलं की सगळं जवळ, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. बर्लिनचं मुख्य स्टेशन २००६ साली सुरू झालं, तेही भिंतीमुळे ओस पडलेल्या पट्ट्याच्या कडेला. भोवती सरकारी इमारती, काचेची ऑफिसं आणि मोकळं वारं. दुसऱ्या दिवशी पहाटे ड्रेस्डेनची गाडी पकडायची असेल तर तिथे जरूर उतरा. संध्याकाळी सहज पाय मोकळे करायला बाहेर पडाल, तर दहा मिनिटांत परत याल.

त्या स्टेशनाचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं. दूध, दही, केळी मिळतात. लहान मूल बरोबर असेल तर ही गोष्ट एका ताऱ्याहून मोठी आहे.

मग राहायचं कुठे? पहिला नियम सोपा: रिंगच्या आत. शहराला वळसा घालणारी लोकलची ३७ किलोमीटरची गोल लाइन आहे, २७ स्टेशनांची. तिच्या आत राहिलात तर एक गाडी चुकली तरी दुसरी लगेच येते. बाहेरच्या टोकांना कित्येक मार्गांवर वीस-वीस मिनिटांनी गाडी. शून्याखालच्या तापमानात, उघड्या फलाटावर वीस मिनिटं. सत्तरीच्या वडिलांना तिथे उभं करून तुम्ही नक्की काय वाचवलंत?

दुसरा नियम लोक विसरतात, आणि हाल तिथेच होतात. स्टेशन ते दार.

नकाशावर ‘११ मिनिटं चालत’ दिसतं. ती अकरा मिनिटं कोरड्या रस्त्यावरच्या धडधाकट माणसाची. बर्लिनच्या जुन्या गल्ल्यांत पदपथाच्या मधोमध ग्रॅनाइटच्या मोठ्या लाद्या असतात आणि दोन्ही कडांना मुठीएवढे किंवा त्याहून लहान दगड बसवलेले असतात. लाद्यांवर सुटकेस नीट चालते. समोरून कोणी आलं आणि कडेला सरकलात की चाकं खडखडू लागतात. त्यात बर्फ पडून, तुडवून, पुन्हा गोठलेला. झाडांना अपाय होतो म्हणून पदपथावर मीठ टाकायला तिथे सहसा बंदी असते, बारीक खडी पसरतात. ती खडी चाकांत अडकते. एका हातात तेवीस किलोंची सुटकेस, दुसऱ्या हातात आईचा हात, पायात दादरहून घेतलेले गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज. अकरा मिनिटांची पंचवीस होतात.

घसरून मनगट मोडलं तर सहल तिथेच संपते.

दारापर्यंत पोचलात, आता वर जायचंय. पहिल्या महायुद्धाआधीच्या त्या देखण्या इमारती, उंच छताच्या, नक्षीदार दर्शनी भिंतींच्या. फोटो पाहून जीव जडतो. लिफ्टचा फोटो टाकलाय का? नसेल तर बहुधा लिफ्टही नाही. आणि तुमचा फ्लॅट ‘मागच्या इमारतीत’ असेल, तर आधी अंगण ओलांडायचं, मग चौथा मजला चढायचा. अशा खोल्या शांत असतात, हे खरं. हिवाळ्यात मागच्या इमारतीच्या खालच्या मजल्यांवर ऊन फिरकत नाही, हेही तितकंच खरं.

फ्लॅट घेणार असाल तर आणखी एक बघा. घरं पर्यटकांना देण्याच्या प्रकाराला बर्लिनने २०१४ पासून लगाम घातला आहे, कारण राहणाऱ्यांनाच घर मिळेना. अल्प मुदतीने घर देणाऱ्याला जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. क्रमांक दिसत नसेल तर मालकाला विचारा. तो टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. नियम मोडून मिळालेल्या घराची बुकिंग आयत्या वेळी रद्द झाली, तर ऐन नाताळात तुम्हाला दार कोण उघडणार?

नाताळावरून आठवलं. आपल्या शाळांना सुट्टी लागते २४ डिसेंबरच्या आसपास. विमान पकडून आपण पोचतो २५ ला. म्युनिकचा मारिएनप्लाट्झवरचा बाजार, न्यूर्नबर्गचा ख्रिस्टकिंडलेसमार्क्ट, ड्रेस्डेनचा स्ट्रीत्सेलमार्क्ट, ज्यांच्या फोटोंवर भाळून तिकिटं काढली, ते सगळे २४ लाच संपतात. २५ आणि २६ दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी, दुकानं बंद. खर्च पूर्ण, चौक रिकामा. हे सहल विकणाऱ्याने सांगायला नको होतं का?

बर्लिन या बाबतीत दयाळू आहे. इथले काही मोठे बाजार नाताळानंतरही सुरू राहतात. ब्राइटशाइडप्लाट्झवर, युद्धात छत उडालेल्या चर्चच्या पायथ्याशी, वर्ष संपेपर्यंत दिवे असतात. २०१६ साली याच बाजारात ट्रक घुसवून हल्ला झाला होता. शहराने बाजार मोडला नाही, पुन्हा भरवला. तिथे गेलात तर पायऱ्यांवर कोरलेली मृतांची नावं वाचून या.

सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे मुलाच्या घराजवळचं हॉटेल. पुण्यातून गेलेला मुलगा बर्लिनमध्ये नोकरी करतो. शहरात घर मिळणं मुश्कील, म्हणून तो रिंगच्या बराच बाहेर राहतो. एका खोलीच्या फ्लॅटमध्ये आई-वडील मावत नाहीत, म्हणून तो शेजारचं हॉटेल घेतो. भावना सोन्यासारखी आहे. पण मुलगा सकाळी आठला ऑफिसला जातो, चारला अंधार पडतो, आणि आई-वडील अशा उपनगरात बसून राहतात जिथे पाच वाजता बेकरीही बंद होते. जर्मन येत नाही, एकट्याने लोकल बदलायची धास्ती वाटते. तीन हजार रुपयांचे थर्मल घालून दोन माणसं खिडकीशी बसून मुलाची वाट बघतात. यासाठी व्हिसाच्या रांगेत उभे राहिले होते का?

मुलांनो, उलटं करा. आई-वडिलांना शहरात ठेवा आणि संध्याकाळी तुम्ही तिकडे जा. लोकल बदलायची सवय तुम्हाला आहे.

आणि ठेवायचंच तर शार्लोटेनबुर्ग भागात, साविनीप्लाट्झच्या आसपास. लोकलचं स्टेशन चौकालाच लागून, रुळांच्या कमानींखाली दुकानं, रात्रीपर्यंत उघडी रेस्टॉरंट्स, सपाट रस्ते. झू स्टेशन पुढचंच. तिथून १०० नंबरची बस सुटते. ती भिंत पडल्यानंतर १९९० साली पूर्व-पश्चिम जोडायला सुरू झाली. टियरगार्टनमधून राइशटागजवळून, उंटर डेन लिंडेनवरून थेट अलेक्झांडरप्लाट्झला नेते. साध्या तिकिटात, उबदार बसमध्ये, बसल्या जागी अर्धं शहर बघून होतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बर्लिनमध्ये याहून चांगली सोय मला माहीत नाही.

पैसे हात राखून खर्चायचे नसतील तर फ्रीडरिशश्ट्रासे ते म्युझियम बेटाचा पट्टा घ्या. संग्रहालयं चालत जाण्याच्या अंतरावर. चार वाजता अंधार झाला तरी आत उजेड आणि ऊब असते. मात्र पर्गामोन संग्रहालय २०२३ च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद झालंय. केवळ त्याच्यासाठी तिथली महागडी खोली घेत असाल तर आधी ते उघडलं का ते पाहा.

प्रेन्झलाउअर बेर्ग तरुण जोडप्यांना. सुंदर आहे, पण जिने आहेत. क्रॉइझबर्ग-नॉयकोल्न रात्री जागणाऱ्यांना. डाह्लेमचं नाव मराठी माणसाला ओळखीचं वाटावं, इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या संस्थेत संशोधन करत होत्या. झाडीचा, शांत, विद्यापीठाचा भाग. अभ्यासाला उत्तम, चार दिवसांच्या सहलीला लांब.

३१ डिसेंबरची रात्र वेगळी धरा. फटाके रस्त्यावर, बाल्कनीतून, कुठूनही येतात. लहान मूल किंवा हृदयरोगी बरोबर असेल तर त्या रात्री अंगणाकडची खोली मागून घ्या. इथे मागची बाजू कामाला येते.

तारीख हातात असेल तर जानेवारीचा मधला काळ बघा. नाताळ ओसरलेला असतो आणि फेब्रुवारीतला चित्रपट महोत्सव अजून सुरू झालेला नसतो. जानेवारीत एक मोठं कृषी प्रदर्शनही भरतं, त्याच्या तारखा मात्र चुकवा. एरवी या काळात दर आणि गर्दी दोन्ही उतरतात. शाळा बुडेल म्हणता? चौथीतल्या मुलाची चार दिवस बुडली तर काय बिघडतं?

किरकोळात किरकोळ, पण विचाराच. बर्लिनमध्ये खोलीच्या भाड्यावर शहराचा कर लागतो, २०२५ पासून साडेसात टक्के. तो दिसणाऱ्या दरात धरलाय की दारात मागणार? खोलीत किटली आहे का? जर्मन हॉटेलांत ती असेलच असं नाही, आणि सकाळी सहाला जाग आलेल्या मराठी माणसाला चहावाचून साडेसातपर्यंत बसवणं क्रूरपणाचं आहे. हीटरच्या नळावर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश. पाचवर ठेवून खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते. मग खिडकी उघडावी लागते आणि रात्रभर घसा धरतो.

तेव्हा बुकिंगचं बटण दाबण्याआधी नकाशा उघडा. स्टेशनच्या जिन्यापासून इमारतीच्या दारापर्यंत मोजा. वयस्कर माणूस बरोबर असेल आणि अंतर पाचशे मीटरच्या वर असेल, तर कितीही तारे असोत, पुढची खोली बघा.