सालातली दहा गाणी : शहागंज पद्धत

यादी करायला बसण्याआधी साल कोणतं ते ठरवून घ्यावं. पुण्यामुंबईकडच्या यादीवाल्यांना हा प्रश्न पडत नाही, शहागंजात पडतो. इथे गाण्यांचं साल ३१ डिसेंबरला संपत नाही. भीमगीतांचा नवा माल १४ एप्रिलच्या आधी येतो, गणपतीची गाणी श्रावण सरत आला की सुरू होतात, कव्वाली आणि नातिया कलाम चंद्राच्या हिशेबाने चालतात. आणि हिजरी साल इंग्रजीपेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणजे त्या हिशेबाने गेलं तर बत्तीस-तेहेतीस वर्षांत एक यादी जास्तीची करावी लागते. एवढं काम कुणालाच झेपणार नाही. सबब, किराणा दुकानदार ज्या सालाचं कॅलेंडर फुकट देतो ते साल प्रमाण मानावं.

मग मथळा. 'औरंगाबादेतून निवडलेली दहा गाणी' असं लिहिलंत तर अर्धे लोक तिथेच थांबतील. 'छत्रपती संभाजीनगरातून' लिहिलंत तर उरलेले अर्धे. दोन्ही लिहून मध्ये तिरकी रेघ मारलीत तर सगळेच. गाण्यांपर्यंत कुणीतरी पोचावं अशी इच्छा असेल तर मथळ्यात फक्त शहागंज घालावं. त्यावर अजून तरी कुणाची हरकत आलेली नाही.

यादी घरी करू नये. घरी माणूस प्रामाणिक होण्याचा धोका असतो. तिथे आपल्याला खरंच काय आवडतं ते बायकामुलांना ठाऊक असतं. घड्याळाच्या मनोऱ्याकडे तोंड असलेलं एखादं चहाचं हॉटेल बघावं, कोपऱ्यातलं टेबल धरावं आणि वही उघडावी. इथे पहिली अडचण कानावरच येते. हातगाडीवाल्यांचे बॅटरीवरचे भोंगे दिवसभर चालू असतात. नुसतं 'किती वेळा ऐकलं' यावर क्रम लावायचा म्हटलं तर पहिला नंबर कांदेबटाटेवाल्याच्या रेकॉर्डिंगला द्यावा लागेल. त्याला संगीतकार नाही, अंतरा नाही, सगळा मामला दीड ओळीचा. पण सालभरात त्याच्या जवळपास कुणी फिरकत नाही. म्हणून शहागंज पद्धतीचा मूळ नियम असा: न मागता कानावर पडलेलं मोजायचं नाही. हा नियम नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे तो आपल्याला फार त्रास देणार आहे.

थोडा इतिहासही तयार असावा. कट्ट्यावर 'तू कोण लागून गेलास नंबर लावणारा?' असं कुणी विचारलं की तो कामी येतो. या धंद्याचे मूळ पुरुष अमीन सयानी. ३ डिसेंबर १९५२ला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, दर बुधवारी रात्री आठला, आणि १९५३पासून वर्षअखेरीची क्रमवारी. मात्र श्रेयातला निम्मा वाटा एका मराठी माणसाचा धरला पाहिजे. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना सिनेमाची गाणी आकाशवाणीच्या इभ्रतीला शोभणारी वाटली नाहीत. आकाशवाणीने हात आखडता घेतला आणि गाणी ऐकायला देश सिलोनला जाऊन बसला. शहागंज तेव्हा हैदराबाद राज्यात होतं, मुंबई राज्यात यायला त्याला १९५६ उजाडलं. पण बुधवारी आठ वाजता कुठल्या राज्यात आहोत याने फरक पडत नव्हता. १९५७त विविध भारती निघाली तोवर सवय लागून गेलेली होती. यादीवाला आणि नभोवाणीमंत्री यांच्यात तसा फरक नसतो. यादीवाल्याकडे खातं नसतं एवढंच.

गीतमालेची पद्धत दुकानांतला रेकॉर्डचा खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं यांवर चालायची. म्हणजे शक्यतो निर्दोष. आता १९५७ घ्या. 'मदर इंडिया', 'प्यासा', 'नया दौर' सगळे त्याच सालचे. नौशाद, सचिनदेव बर्मन, ओ. पी. नय्यर तिघेही भरात. आणि वर्षाचं सरताज गीत ठरलं 'जनम जनम के फेरे' या सिनेमातलं, संगीतकार एस. एन. त्रिपाठी. गाणं आजही लोकांच्या तोंडी आहे, पण तो सिनेमा पाहिलेला माणूस शोधायला निघालात तर हर्सूलपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत याल. तेव्हा एक तर यादी चुकली किंवा नंतर इतिहास लिहिणारे चुकले. शहागंज पद्धत दोघांनाही दोष देत नाही. ती इतकंच सांगते की पन्नास वर्षांनी कुणीतरी डोकं खाजवेल अशी एक निवड यादीत असू द्यावी.

कॅसेटच्या जमान्यात याद्या जास्त चांगल्या व्हायच्या, असं माझं मत आहे. साठ मिनिटांची कोरी कॅसेट दुकानदाराला द्यायची आणि चिठ्ठीवर गाणी लिहून भरून घ्यायची. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे सहा गाणी, फार तर सात. सातवं अर्ध्यात तुटायचं. पैसे मोजून केलेल्या यादीत माणूस कुणावर छाप पाडायला जात नाही.

असो. आता नमुन्यादाखल २०१६ सोडवून दाखवतो. हे साल मुद्दाम घेतलं आहे. यादीवाल्याला पडायला जेवढे खड्डे लागतात तेवढे सगळे त्यात आहेत.

सुरुवातीलाच 'कट्यार काळजात घुसली'. सिनेमा आला १२ नोव्हेंबर २०१५ला, ऐन दिवाळीत. लोकांनी तो ऐकला पुढचं अख्खं साल. महेश काळे यांना त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला २०१६त. आणि त्यातली काही पदं मुळात १९६७च्या नाटकातली, जितेंद्र अभिषेकींच्या चालीची, वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेली. बाकीची शंकर-एहसान-लॉय यांची नवी. हा अल्बम नक्की कोणत्या सालचा? हिशेबनीस म्हणेल २०१५, घरातले थोरले म्हणतील १९६७, आणि दोघेही आवाज चढवतील. यावर तोडगा असा की ज्या साली यादीत जागा मोकळी असेल त्या साली तो घ्यावा. जुनी पदं आवडली असतील तर वसंतरावांचं नाव काढावं, नवी आवडली असतील तर गप्प बसावं.

आता 'सैराट'. २९ एप्रिल २०१६. इथे जाणकाराची खरी परीक्षा आहे, म्हणून जरा थांबू.

यात गाणी चारच. चार गाण्यांना अल्बम म्हणायचं का, असा तांत्रिक मुद्दा काढून तो बाद करता येतो. हा मुद्दा पहिल्यांदा सुचतो तेव्हा फार बरं वाटतं. पण मग त्या चार गाण्यांतला वाद्यवृंद हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत वाजवून घेतलेला आहे हे कुणीतरी काढतंच. अजय-अतुलनी करून ठेवलेली पंचाईत ही अशी आहे. गावरान म्हणून नाक मुरडावं तर मागे व्हायोलिनचा ताफा. व्हायोलिनसाठी मान डोलवावी तर पुढ्यात झिंगाट. नापसंत करायला जाणकाराला एक ठरलेली बाजू लागते, आणि इथे दोन्ही बाजूंना दारं लावून घेतलेली. माझं विचाराल तर चारांत टिकाऊ ते शीर्षकगीत, अजय आणि चिन्मयी श्रीपाद यांचं. पण असं मत उघड सांगितलं की ऐकणारा लगेच 'म्हणजे झिंगाट आवडलं नाही?' म्हणतो आणि आपण समाजातून उठतो.

त्यात तो मूळ नियम आडवा येतो. न मागता कानावर पडलेलं मोजायचं नाही, कबूल. पण एप्रिलअखेरपासून गणपती विसर्जनापर्यंत शहागंजातल्या माणसाने झिंगाट स्वतःहून किती वेळा लावलं हे कळायला मार्गच नाही, कारण लावायची गरज पडली नाही. वरातीने लावलं, मंडळाने लावलं, वरच्या मजल्यावरच्या पोराने लावलं. आवडतं की नाही याचा विचार करायला आधी थोडी उसंत लागते.

पहिल्या क्रमांकावर टाकावं, तर तुमची यादी आणि रिक्षावाल्याची यादी एकच होते. मग तुम्ही वही कशाला उघडली? वगळावं, तर पुढलं सालभर जाईल तिथे खुलासा देत फिरावं लागतं. यासाठी शहागंज पद्धतीने चौथा क्रमांक राखून ठेवला आहे. यादीतला सर्वांत सभ्य क्रमांक हा चौथा. पहिल्या तिघांवर भांडणं होतात, पाचव्यापासून खाली टाकणं हा अपमान समजला जातो. चौथ्यावर ठेवलं की आवड दिसते, संयम दिसतो, आणि याच्यापेक्षा चांगली तीन गाणी या माणसाला माहीत आहेत असा धाकही बसतो. ती तीन कोणती, याला फारसं महत्त्व नाही.

नवव्या क्रमांकावर परदेशी काहीतरी असावं. २०१६साठी डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' योग्य राहील. ८ जानेवारीला आला आणि १० तारखेला बोवी गेला, त्यामुळे त्यावर कुणी टीका करत नाही. अल्बम ऐकलेलाच असला पाहिजे असं नाही, पण 'न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांना घेऊन केलंय' हे वाक्य तयार ठेवावं. नान खलियाच्या ताटावर हे वाक्य टाकलं की पुढचा विषय आपोआप निघतो.

त्या सालाचे दोन तुकडे पाडायला हवेत, हे मात्र गांभीर्याने सांगतो. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. त्याआधी शहागंजातला माणूस मोबाइलच्या दुकानात जाऊन मेमरी कार्ड भरून घ्यायचा. गाणी कोणती, हे गिऱ्हाईक क्वचितच सांगायचं. काउंटरवरचं पोरगं विचारायचं, 'क्या डालूँ भाई, नया की पुराना?' आणि फोल्डरच्या फोल्डर उचलून टाकायचं. त्यामुळे अख्ख्या मोहल्ल्याची आवड म्हणजे प्रत्यक्षात त्या एका पोराची आवड असायची. त्याला दर्दभरी गाणी आवडत असतील तर गल्ली सालभर दुःखी. सप्टेंबरनंतर ज्याची त्याची आवड ज्याच्या त्याच्या हातात गेली आणि त्या पोराचं राज्य संपलं. त्याच्याकडून यादी मागून घ्यायला हवी होती, असं आता वाटतं. पुढे ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या. फुकटचं नेट आणि बँकेची रांग एकाच सालात आली. एवढं संगीत या देशाने उभ्याने कधीच ऐकलं नसेल.

यादीत एक जागा शहराच्या मानाची. बाहेरच्यांना आपल्याकडे लेण्या आणि बीबी का मकबरा एवढंच ठाऊक असतं, म्हणून ही जागा सोडू नये. 'बाजार' (१९८२) या सिनेमात खय्याम यांच्या चालीवर भूपिंदरने गायलेलं जे गाणं रात्री उशिरा लागलं की लोक बोलायचे थांबतात, ते लिहिणारे बशर नवाज आपल्या शहराचे. ते जुलै २०१५त गेले. गाणं २०१६चं नाही, असा आक्षेप येईल. 'विशेष उल्लेख' या मथळ्याखाली साल विचारत नाहीत. आणखी मागे जायचं तर सिराज औरंगाबादी अठराव्या शतकातले. त्यांना २०१६त बसवणंही अवघड नाही, कारण त्यांची गझल आबिदा परवीन गातात आणि ती कुठल्याही साली कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये सापडते.

त्याच साली २२ जूनला, रमजानच्या दिवसांत, कराचीत अमजद साबरी यांना गोळ्या घालून मारलं. त्यांची कव्वाली त्या सालची नव्हती. ती नियम मोडून घ्यावी, क्रमांक देऊ नये, आणि इथे विनोद करू नये.

यादी अशी जवळपास भरली की शेवटची तपासणी करायची. त्यासाठी मंडपवाल्याकडे जावं, म्हणजे त्याच्याकडे भोंगे आणि मिक्सर सांभाळणारा असतो त्याच्याकडे. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम त्याला वकिलापेक्षा चांगले पाठ असतात: बाजारपेठेत दिवसा ६५ डेसिबल, वस्तीत ५५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा बंद. ६५ डेसिबलचं काय होतं ते त्याला विचारू नये. पण दहाचा ठोका तो पाळतो, कारण दहाला पोलीस येतात. संस्थान गणपतीच्या राजाबाजारापासून गुलमंडीपर्यंत ज्या मिरवणुका आणि वराती त्याने हाकल्या, त्यांत कुठलं गाणं आपसूक वाजलं आणि कुठलं लोकांनी ओरडून मागितलं, याची नोंद ठेवणारा हा एकच माणूस. आपल्या मूळ नियमात बसणारी खरी माहिती त्याच्याकडेच असते.

त्याला एकच प्रश्न विचारायचा: दहाला पाच कमी असताना, एकच गाणं वाजेल एवढा वेळ उरलेला असताना, लोक काय मागतात?

तो पेनड्राइव्ह काढताकाढता, मान वर न करता नाव सांगेल. ते वहीत उतरवून घ्यावं, त्याला एक चहा सांगावा, आणि ते गाणं चौथ्या क्रमांकावर टाकावं. २०१६ साली वेगळे कष्ट पडत नाहीत. ते तिथे आधीच बसलेलं असतं.