बाबा, पाळणाघराचं ऑडिट करा

रेडिंग, इंग्लंड
8 मे

तीर्थरूप आई-बाबांस,


व्हॉट्सअ‍ॅप असताना हा चार पानं का खरडतोय, म्हणून आईच्या पोटात गोळा येईल. तेव्हा आधीच सांगतो, आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. पत्र एवढ्यासाठी की ओमच्या पाळणाघराचा विषय व्हिडिओ कॉलवर निघाला की आधी आई बोलते, मग बाबा तिला दुरुस्त करतात, मग तुम्ही दोघं एकमेकांशी बोलू लागता आणि फोन कॉटवर उताणा पडल्यामुळे मी छताचा पंखा बघत बसतो. पंखा पुसायला झालाय. आता लेखीच बोलू.

वहिनी जूनमध्ये मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पुन्हा कामावर जाणार, ओम सव्वा वर्षाचा, दादा पाळणाघर शोधतोय, आणि आईने निकाल देऊनही टाकला: 'मारुती मंदिरापाशी त्या काकू आहेत ना, त्यांच्याकडे ठेवा. ओळखीच्या आहेत.' ओळख काय, तर त्यांची जाऊ आईच्या भजनी मंडळात झांजा वाजवते.

आई, तुझ्या चौकसपणाबद्दल मला नितांत आदर आहे. शेजारी नवं बिऱ्हाड आलं तर टेम्पो रिकामा व्हायच्या आत त्यांचं मूळ गाव, कुलदैवत, मुलाचा पगार आणि सुनेचं माहेर लांज्याचं की राजापूरचं, हे तुला ठाऊक असतं. मी मुक्ताचं नाव घरात काढलं तेव्हा तू तिच्या आजोळच्या परसातल्या फणसापर्यंत पोचली होतीस. मग ज्या घरात पोर रोज आठ तास राहणार, तिथे 'तुमच्याकडे मुलं किती आणि बघणाऱ्या बायका किती' एवढं विचारायलाच भीड का पडावी? काकूंचं गोत्र एक वेळ कळलं नाही तरी चालेल.

इथे ईराला नर्सरीत घालताना मुक्ताने तुझाच कित्ता गिरवला. इथे ऑफस्टेड नावाचं सरकारी तपासणी खातं आहे. नर्सरीला त्यांच्याकडे नोंदवावं लागतं, त्यांची माणसं येऊन बघून जातात आणि त्यांचा अहवाल कुणालाही घरबसल्या वाचता येतो. मुक्ताने आसपासच्या सगळ्या नर्सऱ्यांचे अहवाल वाचून काढले. दोन वर्षांखालच्या 3 मुलांमागे एक माणूस, दोन वर्षांच्या 5 मुलांमागे एक, असा इंग्लंडातला नियम आहे. 2023 च्या सप्टेंबरपर्यंत दोन वर्षांच्या मुलांसाठी हा आकडा 4 होता, तो वाढवला तेव्हा इथल्या बऱ्याच पालकांना रुचलं नव्हतं. बाबांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे जागेचाही हिशेब ठरलेला आहे: दोन वर्षांखालच्या एका मुलामागे साडेतीन चौरस मीटर. शिवाय प्रथमोपचाराचं, तेही लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं, शिक्षण घेतलेलं एक तरी माणूस इमारतीत कायम हजर पाहिजे. कामावर घेण्याआधी प्रत्येकाची पोलिसी नोंद तपासतात. झांजा येतात का, हे विचारत नाहीत.

कागद चांगला म्हणून जागा चांगली, असं मात्र नाही. आम्ही एक नर्सरी पाहिली, काय थाट होता! काचेचा दरवाजा, माशांची टाकी, पालकांसाठी कॉफीचं मशीन. तिथल्या बाईंना काहीही विचारा, उत्तर एकच: 'आमचं अ‍ॅप आहे ना!' मुलाला ताप आला तर? अ‍ॅपवर कळेल. एखादी शिक्षिका आजारी पडली तर तिच्या जागी कोण? अ‍ॅपवर कळेल. मग आम्ही चर्चच्या जुन्या हॉलमधली एक पाहिली. भिंतींचे पोपडे निघालेले, दाराबाहेर चिखलाचे बूट ओळीने. तिथली बाई जमिनीवर मांडी घालून बसलेली, आणि आमच्याशी बोलताना एकदाही आमच्याकडे बघेना. मला आधी ती शिष्ट वाटली. मुक्ताने कोपर मारून दाखवलं की तिची नजर आमच्या खांद्यावरून सारखी मुलांवर फिरत होती. बोलता बोलता तिने हात लांब करून एका पोराच्या तोंडातून खडू काढला, दुसऱ्याचं नाक पुसलं, आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. मुक्ता म्हणाली, हीच.

मग त्या बाईने आमची उलटतपासणी घेतली. ईरा कशी झोपते, कशाला घाबरते, शी-शूला घरी काय म्हणते, कुठल्या खाण्याने अंगावर उठतं, न्यायला कोण कोण येणार. आई, शपथेवर सांगतो, मला वाटलं तूच वेष पालटून बसलीयस.

न्यायला येणाऱ्यांसाठी परवलीचा शब्द ठरवायचा होता. आम्ही 'आंबोळी' ठरवला. एकदा आम्ही दोघंही ट्रेनमध्ये अडकलो, म्हणून लंडनच्या महाराष्ट्र मंडळात ओळख झालेल्या आमच्या नागपूरकर मित्राला पाठवलं. तो दारात उभा, आतून ईरा 'काका! काका!' म्हणून उड्या मारतेय, आणि ह्याला एवढंच आठवतंय की कोकणातलं काहीतरी तव्यावरचं आहे. म्हणाला, 'घावन'. नाही सोडली! मला फोन आला, मी त्याचं वर्णन सांगितलं, त्यांनी ओळखपत्र बघितलं, तेव्हा कुठे ईरा त्याच्या ताब्यात. तो अजून फुगलेला आहे. मला मात्र त्या रात्री गाढ झोप लागली. आपल्याकडे 'मी मुलाचा मामा' असं कुणीही म्हटलं तर वर चहाही मिळतो.

आता तीटेचं प्रकरण ऐक. तुझ्या आज्ञेप्रमाणे मुक्ता रोज ईराच्या गालावर काजळाची ठसठशीत तीट लावून सोडायची. पहिल्याच आठवड्यात दारातल्या मुलीने ईराचा गाल निरखला आणि आतून एक छापील कागद आणला. त्यावर बाळाच्या शरीराची आकृती. तिने डाव्या गालावर फुली मारली, शेजारी 'काळा डाग, घरून आलेला' असं लिहिलं आणि मुक्ताला सही करायला सांगितलं. मुक्ताने दृष्ट लागणं म्हणजे काय ते जमेल तसं समजावलं. त्या मुलीने गंभीरपणे ऐकून घेतलं, ओल्या रुमालाने डाग पुसून बघितला, कागदावर 'पुसला गेला' अशी नोंद केली आणि मग काळजीने विचारलं, 'पण आता तिला दृष्ट लागली तर?' हल्ली तीट तळपायाला असते, मोज्याच्या आत. गळ्यातला काळा दोराही काढून ठेवलाय, कारण घसरगुंडीवर अडकून गळ्याला फास बसू शकतो. तू पाठवलेल्या काजूच्या वड्या आम्हीच खाल्ल्या. तिथे काजू-शेंगदाण्याला बंदी आहे, आणि द्राक्षंसुद्धा उभी चिरून चार तुकडे केल्याशिवाय देत नाहीत.

हसू येतं खरं, पण त्याच कागदामुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ईरा घसरगुंडीवरून पडली, ओठ फुटला. संध्याकाळी मला दुसरा कागद मिळाला: किती वाजता, कुठे, कुणी पाहिलं, काय लावलं. मुलं पडायचीच, त्याचं काही नाही. ती पडताना कुणीतरी बघत होतं का, एवढाच माझा प्रश्न असतो.

आई, खारघरचं ते प्रकरण तुला आठवत असेल. नोव्हेंबर 2016. पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणारीनेच मारहाण केली, आणि ते चित्रण टीव्हीवर पाहून तू दोन दिवस जेवली नव्हतीस. तिथे कॅमेरा होता, बरं का. पण कॅमेरा कुणी बघत नव्हतं, मुलीला लागल्यावर चित्रण बघितलं गेलं. म्हणून दादा 'सीसीटीव्ही आहे' असं छाती फुगवून सांगतो तेव्हा मला फारसा धीर येत नाही. इथलेही सगळे नियम शहाणपणातून आलेत असं समजू नका. 2009 साली प्लिमथच्या एका नर्सरीत काम करणारी बाईच मुलांचे नको ते फोटो मोबाइलवर काढत होती, हे उघडकीला आलं. सगळ्यांची लाडकी, हसतमुख आणि ओळखीची होती ती. ईराच्या नर्सरीत शिक्षिका आपला मोबाइल सकाळी ऑफिसात कुलपात ठेवतात, त्यामागे हे आहे. 'ओळखीच्या आहेत' हे मला पुरत नाही, ते एवढ्यासाठी.

आता बाबा, तुमच्याकडे काम. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात तुम्ही जन्म घालवलात. आपल्याकडे गल्लीतल्या पाळणाघराचा तपासणी अहवाल असा घरबसल्या वाचायला मिळत नाही, तेव्हा रत्नागिरीचं ऑफस्टेड म्हणजे तुम्ही. एकदा वेळ ठरवून जा, आणि मग एकदा न सांगता, दुपारी साडेबारा-एकला, जेवणं आणि झोपा एकत्र चालू असतात तेव्हा. 'आत्ता नको, मुलं झोपलीयत' म्हणून दारातून परत पाठवलं, तर निम्मं ऑडिट तिथेच झालं. आत घेतलं तर मुलं मोजा, मग मोठी माणसं मोजा. भाजी चिरणारी बाई मोजायची नाही, तिचे हात मोकळे नसतात. सगळी पोरं एकाच वेळी गाढ झोपलेली दिसली तर कौतुक करू नका, कशी झोपवली ते विचारा, आणि पालकांना न विचारता औषध देतात का तेही. तान्ही बाळं पाठीवर निजवलीयत का, तोंडाजवळ उशा-दुपटी तर नाहीत ना, ते बघा. (आई, मोहरीच्या उशीवरून भांडण फोनवर करू.)

शिवाय आपल्याकडच्या गोष्टी, ज्या इथल्या कुठल्याच कागदात सापडणार नाहीत. मागीलदारी विहीर आहे का, असली तर तिला जाळी आहे की नुसता पत्रा टाकलाय. हौदाला झाकण. जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं, तिथे फाटक लावलंय का. गॅसची शेगडी मुलांच्या खोलीतून किती पावलांवर. पावसाळ्यात दिवसचे दिवस वीज जाते तेव्हा काय करतात. कामाला कुणी नवीन ठेवली असेल तर तिची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झालीय का. सगळ्यात जुनी बाई किती वर्षं टिकलीय, हे तर नक्की विचारा. दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर ओमने रडत कुणाला बिलगायचं? आणि काकूंना हे प्रश्न आवडले नाहीत, त्यांनी तोंड वाकडं केलं, तर नमस्कार करून उठा. ज्यांना प्रश्नांचा राग येतो त्यांना रोज संध्याकाळी 'आज याच्या कपाळाला काय लागलं' हे कोण विचारणार?

वहिनीला सांगा, कंपनीत पन्नासच्या वर माणसं आहेत. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून अशा ठिकाणी पाळणाघराची सोय असायला हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यायला हवं. तिथल्या साहेबांनी 'बघू' म्हटलंय, असं दादा म्हणाला. 'बघू'चा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

बाबा, मागे तुम्ही म्हणालात की पाळणाघर हे साहेबाचं खूळ. मग तुमच्याच जिल्हा परिषदेतून ज्या अंगणवाड्यांची बिलं निघायची त्या कुठून आल्या? 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची युक्ती. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढली. सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या देशभर निघाल्या त्या 2 ऑक्टोबर 1975 नंतर. साहेबाचा काही संबंध नाही.

पैशाचं विचारलं होतंत. दोघं नोकरी करत असतील तर सप्टेंबर 2025 पासून नऊ महिन्यांच्या पुढच्या मुलांचे आठवड्याला 30 तास सरकार भरतं, पण वर्षातले 38 आठवडेच. उरलेलं आपण. उरलेल्यात ईराची फी बसते आणि माझी नवी गाडी बसत नाही.

ओमला सोडताना तो खेळात रमला की वहिनीने हळूच सटकायचं, हा आईचा सल्ला मात्र मानू नका. सांगून जा, रडू दे. सुरुवातीचे काही दिवस कुणीतरी तासभर तिथेच बसा, मग अर्धा तास, मग दारात. बाबा बसले तर उत्तम, फक्त त्यांनी पहिल्या दिवशी वही काढू नये.

पार्सलमध्ये काजू नकोत. आमसुलं, फणसपोळी आणि कुळथाचं पीठ पाठवा.

ईराचा गोड पापा.

आपला,
निखिल

ता. क. पंखा पुसायला आईने स्टुलावर चढू नये. दादाला सांगा.