त्रेसष्टाव्या बाइटला गाव तुटलं

जानेवारीत कोल्हापूरकडच्या वारणानगरला घड्याळाला फारसा मान नसतो. साखर कारखान्याचा गाळप हंगाम ऐन भरात असतो, त्यामुळे रात्री २ वाजताही उसाचा वजनकाटा चालू आणि चहाची टपरीही चालू. अशाच एका टपरीत, उसाच्या ट्रॉल्यांची रांग दिसेल अशा बाकावर, चौघं बसले होते: लॅपटॉप उघडून बसलेला डेटाबेसवाला, त्याचे आबा, कारखान्याच्या गट ऑफिसचा, उसाच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय आणि मराठी शिकवून निवृत्त झालेले मास्तर. मास्तरांच्या खिशाला अजून लाल रिफिलचं पेन असतं. लग्नपत्रिका हातात आली तरी ते आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासतात, मग तारीख बघतात.

डेटाबेसवाला इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला. कंपनी पुण्याची, खुर्ची घरची. फावल्या वेळात त्यानं आबांच्या उसाचा हिशेब पोस्टग्रेसमध्ये घातला होता. पोस्टग्रेस म्हणजे १९८६ साली बर्कलेच्या विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पातून वाढलेला डेटाबेस. फुकट, खुला, कुणीही आत डोकावून बघावा असा. त्याची माहितीपुस्तिकाही तशीच खुली, प्रोग्रामच्याच फडताळात ठेवलेली. चूक दिसली तर कुणीही दुरुस्ती पाठवावी.

आबांनी काट्याची पावती घडी मोडून टेबलावर पसरली. "ह्यात रात्रीचं २ हाय. तुझ्या यंत्रात साडेपाच का?"

"साडेपाच?"

"पहाटंचं. मी स्वतः काट्यावर हुतो. तवा कोंबडं बी आरवलं न्हवतं."

डेटाबेसवाल्यानं खाली-वर बघितलं. "मी तर सरळ लिहिलंय. २ वाजता, आयएसटी."

"रांगंचा येळ धरला असंल त्यानं," चिटबॉय म्हणाला.

"रांग काट्याच्या आधी असती. काट्यावर चढल्यावर साडेतीन तास ऊस काय करत हुता? वाळत?"

हे साडेतीन तास आले इस्रायलमधून. आयएसटी या तीन अक्षरांवर जगात तिघांचा हक्क आहे: भारत, आयर्लंड आणि इस्रायल. पोस्टग्रेसच्या मूळ यादीत तो हक्क इस्रायलला दिलेला आहे. वारणेकाठी रात्री २ ला चढलेला ऊस त्यानं तिकडच्या २ ला चढवला, मग आपल्या वेळेत आणला आणि साडेपाच सांगितले. गणितात कुठंही चूक नाही.

"आणि हे पुस्तकात लिहिलेलं नाही?" मास्तरांनी विचारलं.

"लिहिलंय ना. मूळ यादी जगातल्या बहुतेक ठिकाणी चालते. शिवाय दोन वेगळ्या याद्या आहेत, एक ऑस्ट्रेलियाची, एक भारताची."

"बहुतेक!" मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. "‘बहुतेक येईन’ म्हणालेला माणूस कधी आलेला बघितलायस? आणि त्या बहुतेकातून वगळला कोण, तर आख्खा हिंदुस्थान!"

"आता सुधारलंय, मास्तर. १८ व्या आवृत्तीपासून तुमचं यंत्र ज्या विभागाच्या वेळेवर लावलंय, तिथली अक्षरं आधी बघतो. माझ्याकडं जुनी आवृत्ती आहे. तिच्यात आयएसटी लिहायचंच नाही, सरळ ‘एशिया, कोलकाता’ लिहायचं."

"कोलकाता?" आबा चमकले. "कोल्हापूर न्हाय व्हय त्यात?"

नाही. ‘कोल’पर्यंत बरोबर येऊन गाडी बंगालला जाते. आबांना याचं काही वेळ वाईट वाटलं.

कॉम्प्युटरचं म्हणून काही अप्रूप या टपरीत कुणालाच नव्हतं. १९९८ साली इथल्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला, तेव्हा बऱ्याच शहरांतल्या पतपेढ्या अजून खतावणीच उघडत होत्या. इथं मात्र ५४ केंद्रांतून शेतकऱ्याला आपल्या उसाची नोंद बघता येत होती. पुढं मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी काही गावांत कॉम्प्युटर बाजूला ठेवून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर चालवून बघितलं. लोकांना पाहिजे होतं काय, तर आपल्या उसाचं वजन. आबा त्या काळापासूनचे पक्के ग्राहक. यंत्रावर त्यांचा विश्वास आहे, पण पावती ते प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवतात.

"म्हणजे वेळेचं मिटलं," मास्तर म्हणाले. "मग तू एवढ्या रात्री टाइप काय करतोयस?"

"ते दुसरंच. पुस्तकाला दुरुस्ती लिहितोय. माझं गाव गेलं."

"गेलं म्हंजे?" आबांनी मान वर केली. या खोऱ्यात गाव गेलं म्हटलं की आधी चांदोलीचं धरण आठवतं.

डेटाबेसवाल्यानं स्क्रीन वळवली. घरच्या वहीतले मथळे त्यानं जसेच्या तसे रकान्यांना दिले होते, शब्दांमध्ये फक्त एकेक आडवी रेघ घालून. एक रकाना ‘शेतकऱ्याचे_संपूर्ण_नाव_गाव’ आणि त्याच्या शेजारचा ‘शेतकऱ्याचे_संपूर्ण_नाव_तालुका’. पोस्टग्रेसचं म्हणणं, एकच रकाना दोनदा लिहिलाय.

"एकच कसा? ह्यो गाव, ह्यो तालुका," चिटबॉय म्हणाला. "शाळंत न गेलेल्याला बी दिसतंय."

"त्याला ६३ बाइटपर्यंतच दिसतं. त्याच्या पुढचं नाव तो कापतो."

मास्तरांनी मागवून घेतलेल्या पाकिटाच्या पाठीवर मोजणी सुरू झाली. इंग्रजी अक्षर १ बाइटचं, आपलं ३ चं. ‘शेतकऱ्याचे’मध्ये काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं धरून १० चिन्हं. ‘संपूर्ण’ची ७. ‘नाव’ची ३. झाली २०, त्यांचे ६० बाइट. तीन आडव्या रेघांचे ३. बरोबर ६३! दोन्ही नावं तिसऱ्या रेघेवर तुटली. गाव आणि तालुका, दोघंही उंबऱ्यापर्यंत येऊन बाहेर राहिले.

"आणि कापताना सांगत न्हाय?"

"सांगतो. एक सूचना येते. पण काम थांबवत नाही."

"म्हंजे आमच्या ग्रामपंचायतीगत," आबा म्हणाले. "नोटीस लावत्यात आणि पुढं चालू."

मास्तरांना मात्र मुद्दा सोडवेना. "पुस्तकात ६३ बाइट असं लिहिलंय का?"

"लिहिलंय."

"मग चूक कुठाय? दुरुस्ती कशाची?"

"चूक नाहीच. अपुरं आहे. इंग्रजीत नाव देणाऱ्याला ६३ म्हणजे ६३ अक्षरं. आपल्याला २१. तेवढं एक वाक्य पाहिजे."

"असं सांग ना! शुद्धिपत्र नको, खुलासा पाहिजे." लाल पेन खिशातून बाहेर आलं. "वाच काय लिहिलंयस ते. मराठीतून."

डेटाबेसवाल्यानं घसा साफ केला. "वापरकर्त्यांनी कृपया नोंद घ्यावी की, विशिष्ट परिस्थितीत नावाची कमाल लांबी अपेक्षेपेक्षा कमी भरू शकते."

"कुणी नोंद घ्यावी?"

"वापरकर्त्यांनी."

"मग पुस्तक काय म्हशी वाचणार आहेत? खोड. ‘कृपया’ कशाला? तू लग्नाला बोलावतोयस का? खोड. कुठली विशिष्ट परिस्थिती? कुणाची अपेक्षा? कमी म्हणजे किती कमी?"

वाक्यातून ‘की’ आणि ‘भरू शकते’ एवढंच शिल्लक राहिलं, तेही नाइलाजानं. चहाची दुसरी फेरी आली.

दुसरा मसुदा असा: "मर्यादा ६३ बाइटची आहे. देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट घेतं, म्हणून २१ अक्षरांपुढचं नाव कापलं जातं."

"आता कळलं," आबा म्हणाले.

"मला नाही कळलं," मास्तर म्हणाले. "‘क्षेत्र’ या शब्दात अक्षरं किती?"

"दोन," आबा आणि चिटबॉय एकदम म्हणाले. क्षे आणि त्र. बालवाडीतलं पोरही एवढंच सांगेल.

"सात," डेटाबेसवाला म्हणाला.

टपरीवाल्यानं गॅस बारीक केला. त्यालाही हे ऐकायचं होतं.

क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. आपण जे दोन अक्षरांत लिहितो आणि दोन वेळा तोंड उघडून म्हणतो, ते यंत्रात सात सुट्या चिन्हांनी उभं राहतं. डेटाबेसला लांबी विचारली तर तो ७ सांगतो, डिस्कला विचारली तर २१. त्यामुळं एखाद्या रकान्याला ५ कॅरेक्टरची मर्यादा घातली, तर दोन अक्षरी ‘क्षेत्र’ आत मावत नाही आणि पाच अक्षरी ‘वरणभात’ही ६ चिन्हांचा निघून दारातच अडतो.

"पुस्तकात यावर काय आहे?"

"मर्यादा कॅरेक्टरमध्ये मोजलीय, बाइटमध्ये नाही, असं स्पष्ट आहे."

"पण कॅरेक्टर म्हणजे काय, ते?"

"ते वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरलंय."

"आमच्याकडं कॅरेक्टर सरपंच देतोय," चिटबॉय म्हणाला. "सही-शिक्क्यासकट."

मास्तरांनी मसुद्यातलं ‘अक्षर’ खोडून ‘चिन्ह’ लिहिलं. मग थोडा विचार करून कंसात ‘काना, मात्रा, हलन्त वेगळे धरून’ घातलं. खरं सांगायचं तर या एका कंसानं अर्ध्या माहितीपुस्तिकेचं काम केलं. पण मास्तरांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या लेखी नववी ‘ब’च्या पोरांचा निबंध तपासला, इतकंच.

चिटबॉयला आता अंगात आलं होतं. "मला एक सांगा. वजनाच्या रकान्यात उणं वजन टाकलं तर तुमचा डेटाबेस घील का? मागं एकानं नवीन प्रोग्राम दाखवला, त्यात मी गंमत म्हणून उणं १२ टन टाकलं. घेतलं की त्यानं!"

"नियम लिहिला नसेल."

"लिवला हुता. वजन ० पेक्षा जास्त पाहिजे, मी वाचलंय."

"मग तो जुना मायएसक्यूएल असणार." डेटाबेसवाला हसला. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये २०१९ साली ८.०.१६ आवृत्ती येईपर्यंत असा तपासणीचा नियम लिहिता येत होता, यंत्र तो निमूट वाचून घेत होतं आणि मग सोडून देत होतं. माहितीपुस्तिकेत हे दडवलेलंही नव्हतं. नियम वाचला जातो पण पाळला जात नाही, असं एका ओळीत प्रामाणिकपणे छापलेलं होतं, वर्षानुवर्षं.

"येथे थुंकू नये," आबा म्हणाले, आणि टपरीच्या भिंतीवरच्या त्याच पाटीकडं बघितलं. पाटीच्या खालची भिंत लाल होती.

"तिथं पुस्तक सुधारून काय झालं असतं?" मास्तर म्हणाले. "वाक्य बरोबरच होतं. वागणं चुकीचं होतं." त्यांना अशी वाक्यं फार आवडत नाहीत, ज्यांच्यावर पेन चालत नाही.

मग त्यांनी अचानक स्वतःचं दुखणं काढलं. घरात पणजोबांचे मोडीतले कागद आहेत. नातीनं त्यातलं एक पान कॉम्प्युटरवर मोडीतच उतरवून साठवायला घेतलं, तर पहिल्या अक्षरालाच यंत्र अडलं. देवनागरी घेत होतं, मोडी घेत नव्हतं.

"तोही मायएसक्यूएल, मास्तर. अक्षरं साठवायचा प्रकार यूटीएफ-८ निवडला असेल."

"हो, तेच नाव होतं. मग?"

"त्यांचा जुना यूटीएफ-८ तीनच बाइटचा. देवनागरी तीनात बसते. मोडी युनिकोडमध्ये २०१४ ला आली, तिला चार लागतात. चार बाइटवाला पूर्ण प्रकार त्यांनी २०१० लाच आणला होता, पण त्याचं नाव वेगळं, ‘यूटीएफ-८-एमबी-४’."

मास्तर बराच वेळ गप्प होते. "म्हणजे पूर्ण मालाला टोपणनाव, आणि अर्ध्या मालाला पूर्ण नाव?"

"तसंच. आता पुस्तकात इशारा घातलाय, आणि ८.० पासून न सांगता चारवालाच मिळतो."

"नाव ठेवणाऱ्याचं बारसं कुणी केलं होतं म्हणावं," मास्तर पुटपुटले आणि पाकिटाच्या कोपऱ्यात त्यांनी ते लांबलचक नाव टिपून घेतलं, नातीला द्यायला.

बाहेर रांग दोन ट्रॉल्यांनी पुढं सरकली. खुलाशाचं वाक्य तयार झालं होतं. डेटाबेसवाल्यानं त्याचं इंग्रजी केलं, तेव्हा ते मराठीपेक्षा लांब झालं आणि मास्तरांनी पुन्हा त्यातले चार शब्द उडवले.

"आता हे पाठवलं की छापणार?"

"आधी कुणीतरी तपासेल. प्रश्न विचारेल. कदाचित वाक्य बदलेलसुद्धा."

"माझं वाक्य बदलणार? कोण?"

"कोणीही. जपानमधला, जर्मनीतला. खुलं आहे ना."

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांवर लाल शाई ओतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते नववी ‘ब’नं बघायला पाहिजे होतं.

आबा मघापासून स्क्रीनकडं टक लावून बसले होते. "आरं पोरा, मला एक कळंना. तू रकान्याला एवढं मोठं नाव दिलंस कशापायी?"

"वहीत तसंच आहे, आबा."

"वहीत वरती एकदा ‘शेतकऱ्याचे संपूर्ण नाव’ लिवलंय, आणि त्याच्याखाली नुसतं ‘गाव’, नुसता ‘तालुका’. वही मीच आखलीया. दर रकान्याला आख्खा शेतकरी कशाला चिकटवतूस? नुसतं ‘गाव’ लिव्ह की."

‘गाव’ म्हणजे ३ चिन्हं, ९ बाइट. डेटाबेसवाल्यानं टाइप केलं, बटण दाबलं. तक्ता तयार झाला, सूचना नाही, काही नाही.

"आणि मग आमचं वाक्य?" मास्तर उठायच्या बेतात थांबले.

"ते पाठवतोच की," डेटाबेसवाला म्हणाला. "सगळ्यांच्या घरात आबा नसतात."

काट्यावरून ट्रॉलीचा नंबर पुकारला. आबांनी जुनी पावती पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि चपला शोधायला वाकले. चिटबॉयनं घड्याळ बघून आपल्या वहीत वेळ लिहिली. आयएसटी लिहिलं नाही.