खुनी बदलून मिळेल

सॅम रायमीचा 'स्पायडर-मॅन ३' का फसला, या प्रश्नाचं उत्तर २००७ पासून ठरलेलं आहे. खलनायक फार झाले. सँडमॅन, व्हेनम आणि बापाचा सूड घ्यायला निघालेला हॅरी ऑस्बॉर्न: तीन तिघाडा, काम बिघाडा. निदान सोपं आहे, म्हणून सगळ्यांना पाठ आहे. मला विचाराल तर खलनायक तीन असते काय नि तेरा असते काय, घोडं पेंड खातं ते एकाच प्रसंगात. पोलिसांचा कॅप्टन पीटरला, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनला, आणि त्याच्या मे काकूंना बोलावून घेतो आणि शांतपणे सांगतो, की बेन काकांचा खून तुम्ही समजत होतात त्याने केलेलाच नाही.

म्हणजे पहिल्या भागापासून आपण भलत्याच माणसाला शिव्या घालत होतो!

२००२ चा तो पहिला भाग आठवा. कुस्तीचे सामने भरवणारा माणूस पीटरचे पैसे बुडवतो आणि वर 'मला काय त्याचं' असं सुनावतो. दुसऱ्याच मिनिटाला चोर त्याची रोकड घेऊन पळतो. पीटर बाजूला सरकतो, चोराला लिफ्टपर्यंत वाट देतो आणि मघाचं सुनावणं व्याजासकट परत करतो. पुढे काका रस्त्यावर गोळी लागून पडलेले, आणि मारेकरी म्हणून सापडतो तो हाच चोर. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी १९६२ मध्ये मूळ कॉमिकातच ही मेख मारून ठेवली होती: कोळी चावल्यामुळे ताकद येते, पण मुखवटा चढवायला लावते ती ही टोचणी. आणि २००४ च्या दुसऱ्या भागात पीटर टेबलाशी बसून काकूंना हे सगळं सांगतो. काकू त्याच्या हातातून आपला हात काढून घेतात, उठतात आणि काही न बोलता जिना चढून जातात. तिन्ही भागांतली सगळ्यात जबर हाणामारी हीच, आणि तिच्यात एक काचही फुटत नाही.

तिसऱ्या भागात या सगळ्यावर पाणी. वड्याचं तेल वांग्यावर, खून फ्लिंट मार्कोच्या खात्यावर. कारण उघड आहे. मार्को, म्हणजे सँडमॅन, आजारी मुलीसाठी चोऱ्या करणारा जीव. पीटरशी त्याचं देणं ना घेणं. आधीच्या दोन भागांतल्या खलनायकांचं तसं नव्हतं. नॉर्मन ऑस्बॉर्न जिवलग मित्राचा बाप, तर डॉक्टर ऑक्टेव्हियस आपल्या घरी बसवून गप्पा मारणारा, बायकोवर जीव टाकणारा शास्त्रज्ञ. त्यांच्याशी लढताना पीटरचं काहीतरी तुटत होतं. मार्कोशी लढताना फक्त वाळू उडते. मग घरातलाच एक खून काढून त्याला नेमून दिला, झालं वैर तयार.

यावर या भागाच्या वकिलांचा युक्तिवाद ठरलेला. मार्को शेवटी सांगतोच ना, की साथीदार, म्हणजे पीटरने वाट दिलेला तो चोर, पळत आला, त्याचा धक्का लागला नि गोळी सुटली? म्हणजे पीटरने त्या साथीदाराला आधीच अडवलं असतं, तर धक्काच लागला नसता. अपराध शाबूत! बिनतोड. फक्त हे गणित प्रेक्षकांनी घरी येऊन मांडलेलं आहे. ज्याचा तो अपराध, तो पीटर पडद्यावर हे एकदाही म्हणत नाही. तो मार्कोला माफ करतो आणि मार्को वाऱ्यावर उडून जातो. तोच मार्को २०२१ च्या 'नो वे होम'मध्ये पुन्हा मारामारीला हजर! माफीची मुदत संपली असावी.

व्हेनम हा तर आयत्या बिळावरचा नागोबा. रायमीला तो नको होता, निर्माते अवी अराद यांना चाहत्यांसाठी हवा होता. पुढे अराद यांनी तो दोष आपल्याकडे घेतलाही. नावड पडद्यावर दिसते. अंतराळातून उल्का येते ती अख्खं न्यूयॉर्क सोडून थेट पीटरच्या स्कूटरशेजारी, आणि तिच्यातला काळा चिकटा, म्हणजे पुढचा व्हेनम, पत्ता माहीत असल्यासारखा स्कूटरलाच चिकटतो.

पण माझा लाडका ऑस्बॉर्नांचा बटलर. मेलेल्या नॉर्मन साहेबांची जखम याने स्वतः धुतलेली. ती त्यांच्याच ग्लायडरच्या पात्याची आहे, हे याला तेव्हाच कळलेलं. इकडे धाकटे साहेब हॅरी पीटरला बापाचा मारेकरी समजून दोन चित्रपट जळताहेत, शेवटी स्फोटात अर्धा चेहरा भाजून घेताहेत. हा गडी गप्प. आणि मग एके संध्याकाळी, अगदी सहज, सांगून टाकतो. बैल गेला नि झोपा केला! तीन खलनायकांचा हिशोब मांडणाऱ्यांनी या चौथ्याला कसं सोडलं, कोण जाणे.

अहो, तिसऱ्या भागाने जगभरात सुमारे ८९ कोटी डॉलर कमावले, तिन्हींत सर्वाधिक. तेव्हा वर कोणाला काही खटकायचं कारणच नव्हतं. खटकलं असेल तर एकट्या डॉक्टर कर्ट कॉनर्सना. एक हात नसलेले पीटरचे प्राध्यापक, कॉमिकात पुढे सरड्याचं रूप घेणारे, पीटरला चांगलं ओळखणारे. खलनायक हवाच होता तर दुसऱ्या भागापासून वर्गात उभा होता. त्यांना तिसऱ्या भागात काम मिळालं ते तो काळा चिकटा तपासून द्यायचं. सरडा पडद्यावर आला तो २०१२ मध्ये, नव्या मालिकेत, आणि भूमिकाही दुसऱ्याच नटाला गेली.